दोरीबाहेरची आई
फिनाईलचा वास आला की शहाडची ती खोली आठवते. आईने लोकांच्या फरश्या पुसून मला शिकवलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तेव्हा नुकतीच पोलिसात लागलेले. खोलीत एका नव्या लग्नाच्या मुलीचा खून झालेला, रक्तात चपलेचा ठसा होता आणि शेजारणी फिनाईलची बादली घेऊन पुसायला निघालेल्या. मी कपडे वाळत घालायची दोरी सोडून दाराला आडवी बांधली. मुलीच्या आईने माझे पाय धरले. "अगं, उघडी पडलीय पोर, चादर तरी टाकू दे!" "काकू, हात जोडते, आत नको." "तुला आई नाय का गं?" मागून एक शेजारीण ओरडली. साहेब येईपर्यंत मी रडत दारात उभी होते. पुढे ठाण्याच्या कोर्टात त्या आईने माझ्याकडे पाहिलंही नाही, पण त्याच ठशावर तिच्या जावयाला जन्मठेप लागली.