दोन गुलाबी काचा

"गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, पिशवी काढावी लागेल," रोह्याचे डॉक्टर एका दमात म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटचा कागद ओढला. मी एकोणतीस वर्षांची, लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. मुलाचं विचारलं, तर म्हणाले, "आधी जीव बघा."

पाळी नसताना डाग दिसायचे. ते मी आठ महिने अंगावर काढलं, म्हणजे पहिला मूर्खपणा माझाच. मग माहेरी रोह्याला कोन बायोप्सी झाली, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा शंकूसारखा तुकडा कापून तपासायला पाठवला. आठ दिवस वाट पाहून रिपोर्ट आला दीड ओळीचा: कॅन्सर, सुरुवातीचा.

माझं सासर हमरापूर. घरात गणपतीचा कारखाना, मूर्तींचे डोळे मी आखते. जवळच पेणला दर शनिवारी मुंबईहून एक सर्जन बाई यायच्या. तीन तास बाकावर बसल्यावर नंबर लागला. बाई रिपोर्ट वाचून माझ्याआधी चिडल्या. "किती खोल गेलाय ते कुठं लिहिलंय?"

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. कॅन्सर तीन मिलिमीटरपेक्षा कमी खोल असेल, रक्तवाहिन्यांत शिरलेला नसेल आणि कापलेल्या तुकड्याची कड स्वच्छ असेल, तर तो तुकडा काढला तेवढंच ऑपरेशन पुरतं. पिशवी ठेवता येते. पण हे सगळ्यांना चालत नाही, पारखून ठरवावं लागतं. त्यासाठी स्लाइड हव्यात, म्हणजे तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचा.

नवरा रोह्याला दोनदा हात हलवत परत आला, कारण लॅबवाला लग्नाला गेलेला. तिसऱ्यांदा दोन काचा मिळाल्या. त्या आणून त्यानं कुठं ठेवाव्यात? कारखान्यात, रंगाच्या टेबलावर. मूर्तीच्या अंगाचा गुलाबी रंग जमला का ते आम्ही काचेच्या तुकड्यावर लावून बघतो, आणि स्लाइडचे कापही गुलाबीच रंगवलेले असतात.

संध्याकाळी थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगो, अंगाचा रंग लागलेला, म्हनून टर्पेंटाइनात टाकून पुसल्या. बघ, लख्ख झाल्यात."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नवरा त्या कोऱ्या काचा उजेडात धरून बघत होता, त्याचा मला जास्तच राग आला.

शनिवारी सर्जनबाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "लॅबमध्ये ब्लॉक असेल." ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला उरलेला तुकडा, त्यातून पुन्हा काप काढता येतात. या वेळी मी स्वतः रोह्याला गेले. जाऊबाई हट्टानं बरोबर आल्या. लॅबवाला खोकी उपसताना उलट आम्हालाच बोलू लागला, तशा त्या पदर खोचून पुढं झाल्या.

"तुमी पैल्यांदा नीट लिवलं असतं, तर काचा लागल्याच नसत्या."

तो पुन्हा खोकी उपसू लागला. ब्लॉक टेबलाखालच्या खोक्यात सापडला. एसटीत मी तो मांडीवर धरून बसले. जाऊबाई दोन्ही हात पदरात गुंडाळून बसल्या होत्या.

ब्लॉक सर्जनबाईंनी मुंबईला नेला, तिथून उत्तर यायला दोन आठवडे लागले. दीड मिलिमीटर. रक्तवाहिन्या मोकळ्या, कड स्वच्छ. मोठं ऑपरेशन नको, पण दर तीन महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही.

मूल होईल की नाही, ते अजून माहीत नाही. पण वाट बघायला पिशवी आहे, ती त्या बाईंच्या 'किती खोल गेलाय' या एका प्रश्नामुळे. तुमच्यावर वेळ आली, तर तोच प्रश्न विचारा, भीड धरू नका.

जाऊबाई आता रंगाची साधी काच धुण्याआधीही हाक मारतात, "गो, ही तुझी नाय ना?"