मी कॅज्युअल्टीत नव्हते

या सदरातले अनुभव मी दुपारी झोप लागावी म्हणून वाचते, हे आधीच सांगून टाकते. पिंपळ, पैंजण, पांढरी साडी... आमच्या महाल वस्तीत असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर वेड्यात काढलंय. आजही काढीन. आणि खरं सांगू? जे घडलं त्याची मला कधी भीती वाटली नाही. राग आला. अजून येतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते. तेव्हा हा शब्द निम्म्या डॉक्टरांनाही धड उच्चारता येत नसे — आम्ही म्हणजे 'मालिशवाल्या'. प्लास्टर निघालं, गुडघा आखडला, की आमची आठवण व्हायची. कॅज्युअल्टीत तर डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, असा दंडक होता. आणि अशी चिठ्ठी मला एकदाही मिळाली नव्हती.

उन्हाळा लागत होता. भर दुपारी मी माझ्या खोलीला कुलूप लावून जेवायला निघाले होते. कॅज्युअल्टीच्या दारावरून जाताना आतून श्वासाची खरखर ऐकू आली. असा आवाज आला की माझे पाय थांबतात, सवयच ती. आत गेले. काटोलचा रामदास नावाचा हमाल. ट्रक भरताना संत्र्यांच्या पेट्या छातीवर पडून बरगड्या मोडलेल्या. छातीला चिकटपट्ट्या आवळून त्याला उताणा निजवला होता. त्यात माणूस बिडी ओढणारा, छाती आधीच कफाने भरलेली. दुखतं म्हणून खोकत नव्हता, खोकत नव्हता म्हणून आतल्या आत गुदमरत होता. ओठ काळेनिळे पडले होते. बायको शेवंता उशाशी उभी होती.

ड्युटीवरच्या डॉक्टरला मी म्हटलं, "पाच मिनिटं द्या. याला कुशीवर घेते, पायथा वर करते, छातीला आधार देऊन खोकायला लावते. कफ निघाला तर हा वाचेल."

त्यांनी मान वर केली नाही. "मॅडम, हा मरणाच्या दारात आहे. तुमचे व्यायाम नंतर. चिठ्ठी आहे का? नाही ना? मग निघा."

मरणाच्या दारात आहे म्हणूनच तर म्हणत होते! पण ऐकतो कोण?

मी तडक वरच्या मजल्यावर सुपरिंटेंडेंटांच्या खोलीत गेले. त्यांनी आधी फोन संपवला. मग चहा संपवला. मी उभीच. मग मला समजावू लागले, की कॅज्युअल्टी म्हणजे जीव वाचवायची जागा, प्रत्येकाने आपापली पायरी ओळखून राहावं. मी ओरडले. हो, सुपरिंटेंडेंटांवर ओरडले, बाहेरच्या शिपायानेही ऐकलं. "तो तिकडे बुडतोय साहेब, पाण्याशिवाय बुडतोय!" ते म्हणाले, "आवाज खाली." परवानगी काही मिळाली नाही.

धुसफुसत परत आले, म्हटलं आता काय व्हायचं ते होवो, हात लावतेच. तर दारातच डॉक्टर अंगावर आले. "कुणाला विचारून पेशंटला हात लावला?"

मी आत पाहिलं. रामदास कुशीवर होता. छातीशी घट्ट गुंडाळलेलं घोंगडं — उशा मिळत नाहीत म्हणून मी असंच घोंगडं देते. ओठांवर रंग आला होता. बाजूच्या ट्रेमध्ये कफाचा हा एवढा बेडका. आणि खाटेचा पायथा वर उचललेला... माझ्या लाकडी ठोकळ्यांवर. हिरवा रंग मीच दिला होता त्यांना. ते माझ्या खोलीत कुलपात असतात, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

शेवंता माझा हात धरून रडत होती. मी म्हटलं, "अगं, मी नव्हते इथे."

"काहून नाही म्हणून राहिल्या बाई? तुमीच त होत्या! डाक्टर गेले अन् तुमी आल्या. ह्यायले कुशीवर घेतलं, अन् म्हणल्या, 'खोक गा, दुखते त दुखू दे, खोक.' मले पाय धराले लावले नं तुमी!"

रामदास हळूच म्हणाला, "तुमचे हात लय थंडे होते बाई."

पडद्यापलीकडे दुसऱ्या पेशंटजवळ असलेली सिस्टरही म्हणाली, की आवाज तुमचाच होता. मी पळत जाऊन माझी खोली पाहिली. कुलूप जसंच्या तसं. उघडलं, तर ठोकळ्यांची जागा रिकामी.

डॉक्टर तक्रार घेऊन वर गेले. पण सुपरिंटेंडेंट काय म्हणणार? त्या सगळ्या वेळात मी त्यांच्याच टेबलासमोर उभी होते. मग दोघांनी मिळून रामदास इंजेक्शनने सुधारला असं ठरवलं. ठोकळ्यांचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. रामदास चालत घरी गेला. चिठ्ठीचा दंडक मात्र आणखी कडक झाला. बघा आता!

दिवाळीच्या सुमारास महालातलीच एक मुलगी आली, स्कूटरवरून पडून बरगड्या मोडलेली. तेच डॉक्टर, तीच खरखर. मी शिरले, तिच्या खांद्याला हात घातला, तोच मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मी दारावर मुठी आपटल्या, घसा बसेपर्यंत ओरडले. मग दाराला कान लावून उभी राहिले. आतून माझाच आवाज येईल म्हणून वाट पाहत राहिले. लाज वाटत नाही सांगायला — मी, जी कशावर विश्वास ठेवत नाही, ती मनातल्या मनात विनवत होते, "ये गं, आज पण ये."

कुणी आलं नाही. संध्याकाळी ती गेली.

रामदासला कुणी हात लावला, मला ठाऊक नाही. पुष्कळ विचार केला, शिकलेल्या माणसांना विचारून झालं. आता तुम्हीही मला ते विचारू नका. विचारायचंच असेल तर त्या मुलीचं विचारा. तिला कुणी हात लावू दिला नाही, ते मी नावानिशी सांगू शकते.