रस्त्याकडे तोंड

सकाळी दूध आणायला जातो तेव्हा चौकातल्या मजूर अड्ड्यावर एक रंगारी दिसतो. बाकीचे कठड्यावर टेकलेले असतात, हा मात्र ब्रश हातात धरून उभाच. आज न राहवून विचारलं, “मामा, बसत का नाही?”

“बसलेल्याला कोण विचारतंय?” रस्त्यावरची नजर न हलवता तो म्हणाला. “तोंड रस्त्याकडं पाहिजे. पाठ फिरली की काम दुसऱ्याला गेलं.”

मी हसलो, पण ते हसू घरापर्यंत टिकलं नाही. मी भाषांतरं करतो. कामं मिळवून देणाऱ्या तीन वेबसाइटवर माझं नाव आहे. नावापुढे हिरवा ठिपका असतो, म्हणजे माणूस हजर आहे. तो विझू नये म्हणून मी अंघोळीलाही फोन आत नेतो. रंगारी निदान दुपारी ब्रश गुंडाळून घरी जातो. माझ्या रस्त्यावर कुठल्या ना कुठल्या देशात सारखं उजाडतच असतं.

जेवताना फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. बायको म्हणाली, “अरे, केव्हाची बोलतेय मी!”

“हं, एकच मिनिट.”

मान वर केली तेव्हा ती ताट घेऊन आत निघाली होती. मला तिची पाठ तेवढी दिसली.