कोनशिला

डोळखांबच्या फाट्यावर चहाच्या टपरीत एक माजी पुढारी मला रोज भेटतात. जिल्हा परिषदेवर एकदाच निवडून आले, पण खादीची इस्त्री अजून मोडलेली नाही. चहात साखर कमी आहे म्हटलं, तरी सभागृहात बसल्यासारखे म्हणतात, "नोंद घेतली."

पाड्याच्या रस्त्याचं भूमिपूजन त्यांनीच केलं होतं. रस्ता झालाच नाही. त्यांच्या नावाची कोनशिला तेवढी उभी आहे. आजाऱ्याला झोळीत घालून आणणारे पाड्यातले लोक तिथे घटकाभर टेकतात.

परवा एक म्हातारा टपरीत येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. "सून गेली, सायेब. तुमच्या दगडापाशी टेकलो आमी, तर झोळीत जीवच नाय."

चहा तसाच ठेवून ते उठले.

काल तिकडून जाताना पाहिलं, ते छिन्नीने कोनशिलेवरचं नाव खोडत होते. फक्त स्वतःचं. रस्त्याचं तसंच ठेवलं.