मामांच्या डाव्या दंडातला काटा

हाडांना उंचवटे, टोकं, काटे फुटायला कुठेतरी जागा हवी, एवढ्याचसाठी देवानं माणूस घडवला, असं मनापासून मानणारे एकच गृहस्थ मी पाहिले, आणि ते नेमके माझे सख्खे मामा निघाले. इंदूरच्या एका कॉलेजात जन्मभर शरीररचना शिकवून मामा देवासला येऊन राहिले, पण शिकवणं काही सुटलं नाही. आपण नमस्काराला वाकावं, तर आशीर्वादाचा हात डोक्याऐवजी मानेवर यायचा. "सातवा मणका! क्या बात है भिया, किती सुरेख वर आलाय! हं, औक्षवंत हो." त्यांचे कुक्षी गावचे जावई लग्नाच्या मांडवात पाया पडले, तेव्हा तर कहर झाला. जावयांच्या कवटीमागचा उंचवटा मामांना इतका आवडला, की त्यांनी अर्धं वऱ्हाड बोलावून एकेकाला हात लावायला लावला. जावई बिचारे ओणवेच! शेवटी मामी कडाडल्या, "अहो, पुरे आता, पंगत खोळंबलीय!" तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली.

पण मामांचा खरा अभिमान स्वतःच्या डाव्या हातात होता. कोपराच्या जरा वर, दंडाच्या हाडाला एक जास्तीचा काटा फुटलेला. फार क्वचित कुणाला असतो म्हणे. हा काटा पोरांना शिकायला मिळालाच पाहिजे, म्हणून मामांनी देहदानाचा फॉर्म आणला, भरला, आणि मामींच्या सहीपाशी गाडं अडलं ते दोन वर्षं. मामी म्हणायच्या, "सगळंच देऊन टाकलंत, तर मी नेमावरला नर्मदेत सोडायला काय नेऊ? तुमचा चष्मा?" एरवी वर्गच्या वर्ग गप्प करणारे मामा ह्यावर निमूटपणे फॉर्मची घडी घालायचे. मला दोघांचंही वाईट वाटायचं.

यंदा दिवाळीनंतर मामा बरेच आजारी पडले. दवाखान्यातून घरी आले ते निम्मे होऊन. फॉर्मचं नावही काढेनात. एका दुपारी मी बसलो असताना मामींनीच तो कपाटातून काढला, चष्मा लावला आणि एकेक अक्षर सावकाश काढत सही केली.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वेळ येईल तेव्हा तूच जाशील ना रे कॉलेजात? त्या पोरांना तेवढं सांग, डावा हात हळू धरा म्हणावं. काट्यापाशी दाबलं की ह्यांना मुंग्या येतात."

मामांनी तोंड भिंतीकडे केलं. "सांगतो, मामी," मी म्हटलं.