आत्याची चौथी सीट

आमची आत्या सायकलवरून घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या जखमांचं ड्रेसिंग करते. अंगानं चांगली भरलेली आहे ती. वर्षभरात सायकलच्या तीन सीटा मोडल्या. दर वेळी ती अंगठ्यानं दाबून दुकानातली सगळ्यात गुबगुबीत सीट निवडायची आणि दुकानदार दात काढायचा, "ताई, सीट कशाला बदलता, वजन कमी करा!" त्या मेल्याच्या जिभेला हाड नाही.

चौथ्या वेळी ती तणतणत एका म्हाताऱ्या सायकल-मिस्त्रीकडं गेली. "बोला, तुम्हीही बोला माझ्या वजनावर!"

मिस्त्रीनं एक स्टूल पुढं ओढलं. त्यावर पुठ्ठा टाकून त्यानं तिला बसवलं. ती उठली तेव्हा पुठ्ठ्यावर बैठकीच्या हाडांचे दोन खळगे उमटले होते. त्यांच्यातलं अंतर मोजून त्यानं रुंद, कडक, खाली जाड लोखंडी दांड्या असलेली चामड्याची सीट काढली.

"मऊ सीटमध्ये माणूस रुततो. भार हाडांवर यायला हवा. नेमकं कुठं दुखतं सांगा, तशी बसवतो."

 दिवसभर आत्या 'कुठं दुखतं?' हाच प्रश्न लोकांना विचारत फिरते. तिला तो आजवर कुणी विचारलाच नव्हता.