शेवटचं बटण

सोलापुरात सहा महिने कॉम्प्युटर शिकलो आणि आमच्या जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात चिकटलो. अख्ख्या कारखान्यात कॉम्प्युटर एक आणि तो कळणारा मी एकटा. डोकं हवेत जायला एवढं पुरेसं होतं.

त्या दुष्काळी वर्षी ऊसनोंदणीचे क्लार्क, ज्यांना सगळे काका म्हणत, सायकलवरून गावोगाव फिरले. कुणाची विहीर आटली, कुणाचा ऊस आधी तोडायला हवा, ते सगळं त्यांनी दोन बोटांनी टाइप करून कॉम्प्युटरात भरलं. निवृत्तीला महिना उरला होता.

डिस्क भरत आली, म्हणून दुसरी मागवली. ती जुन्या डिस्कशेजारी बसवून मी एफडिस्क चालवून तिची आखणी केली. आता फक्त फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून कोरी करणं, उरलं. पण आमच्याकडे नारळ फुटल्याशिवाय नवं काही सुरू होत नाही. कीबोर्डलासुद्धा हळदकुंकू लागलं, मी चरफडलो. शेवटचं बटण दाबायचा मान काकांना मिळाला.

आज्ञा मी टाइप केली. नवी डिस्क होती डी, जुनी सी. मी लिहिलं सी. तोवरच्या प्रत्येक मशीनला एकच डिस्क असायची, बोटांना तीच सवय.

पडद्यावर इंग्रजीत इशारा आला. काकांनी चष्मा सावरून तो वाचला.

"साहेब, समदं जाईल म्हनतंय की हे."

"ते नेहमीच तसं म्हणतं, काका. वाय दाबा."

जमलेले लोक हसले. काकांनी थरथरत्या बोटानं वाय दाबला. टाळ्या पडल्या.

पेढे खाऊन नोंदी उघडायला गेलो, तर जुनी डिस्क कोरी. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. मॅनेजरसाहेब ओरडले, "कुणी काय केलं?"

मी तोंड उघडायच्या आत काका पुढं आले. "माझ्याच हातनं झालं, साहेब. बोट थरथरलं, दुसरंच कायतरी दाबलं गेलं असंल."

मी गप्प बसलो. नोकरी जाईल ही भीती होती, पण खरं सांगायचं तर लाज जास्त होती.

शेवटचा महिना काका जुन्या वह्या पुढ्यात घेऊन तेच सगळं पुन्हा टाइप करत बसले. निरोपाच्या भाषणात मॅनेजरसाहेबांनी त्यांची थट्टा केली. सगळ्यांबरोबर मीही हसलो.

सायकल काढताना काका माझ्यापाशी थांबले. "तुमच्या कामाचा लई खोळंबा केला म्या. मनात धरू नका."

"असू द्या, काका," मी म्हणालो. "होतं असं एखाद्याकडून."